कमान की खोली

“फोटोत बायका दिसल्या पाहिजेत, तात्या,” भोईटे भाऊसाहेब बशीतला चहा फुंकत म्हणाले. “मागच्या खेपेला नुसत्या टोप्या आणि फेटे गेले तालुक्याला. वरून विचारणा झाली, तुमच्या गावात बायका राहत नाहीत का म्हणून.”

“बायका लागत्यात तर बायका देऊ,” तात्या म्हणाले. “किती पायजेत?”

“मंडप भरल्यासारखा वाटला म्हणजे झालं. या वेळी शूटिंग पण आहे, आणि साहेब स्वतः येणार आहेत.”

तात्यांनी माजघराकडे तोंड करून आवाज टाकला, “अगं, ऐकलंस न्हवं? परवाच्याला गावातल्या समद्या बायका घेऊन देवळात या. तासाभराचं काम हाय. चहा अन् भजी पंचायतीकडनं.”

मी आतल्या दाराशी मेथी निवडत बसले होते. तात्या म्हणजे माझे सासरे, रंगराव निकम, जांभळवण्याचे सरपंच. भोईटे आमचे ग्रामसेवक. तीन गावांचा कारभार ते एका मोटारसायकलवरून हाकत, त्यामुळे नेहमी घाईत असत आणि चहा मात्र सावकाश पीत. हाक होती ती आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना. मला तात्या थेट काही सांगत नसत. आमच्या दोघांतला सगळा व्यवहार आत्याबाईंच्या मार्फत चाले, अगदी भाकरीबरोबर लोणचं हवं असलं तरी.

सभा होती ती शाळेच्या पैशांची. पंचायतीचा त्या वर्षीचा शाळेसाठीचा वाटा कशावर घालायचा हे गावानं एकत्र बसून ठरवायचं, असा नियम होता. ठरवायचं देवळात असलं तरी ठरलेलं आमच्या ओट्यावर होतं. तात्यांना शाळेच्या वाटेवर कमान बांधायची होती आणि तिच्यावर आपल्या वडिलांचं नाव घालायचं होतं. शाळेच्या मुळीक गुरुजींना खोली पाहिजे होती. आमची शाळा पाचवीपर्यंत. सहावी आणि सातवीची मंजुरी नुकतीच आली होती, पण एका अटीवर. गावानं वर्षाच्या आत खोली उभी करून दाखवायची. नाही दाखवली तर मंजुरी दुसऱ्या गावाला जायची. पैसा एकाच गोष्टीपुरता होता.

माझी तेजू तेव्हा पाचवीत होती. सहावीची शाळा खिंडीपलीकडे बाजारगावी. एसटी यायची ती शाळा भरून गेल्यावर आणि जायची ती सुटायच्या आत. मुलगे सायकली मारत जात. मुली घरी राहत, गुरांमागे जात, आणि मग एक दिवस त्यांच्या लग्नाची पत्रिका येई. तेजू सरपंचाची नात, तिला घरी बसवणं शोभलं नसतं. म्हणून तिला कराडला माझ्या नणंदेकडे ठेवायचं ठरलं होतं. वन्संना दुसरं बाळ झालेलं, शिवाय त्यांचं शिलाईचं दुकान. त्यांना घरात हाताखाली एक पोरगी पाहिजे होती आणि शाळा हे त्यातलं तोंडी लावणं होतं. हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त बोलायचं कुणी नव्हतं.

मी बोलून पाहिलं होतं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, तात्यांशी बोलतो. आमचे हे दुधाची गाडी चालवायचे. रोज पहाटे निघताना म्हणायचे आज बोलतो, आणि रोज दुपारी परत यायचे ते थेट जेवायलाच बसायचे. शेवटी मी आत्याबाईंकडे विषय काढला.

“तेजूला अजून तिची तिला वेणी घालता येत न्हाई, आत्याबाई.”

“कराडात शिकंल की.”

“वन्सं तिला पोर सांभाळायला लावत्याल.”

“लावंल. पोरीच्या जातीला पोर सांभाळाय नगं व्हय?” आत्याबाई म्हणाल्या. “तितं नळ हाय, लाईट जात न्हाई. अन् तू रडाया लागलीस तर तीबी रडंल. गप ऱ्हा.”

मी गप राहिले. त्या घरात आत्याबाईंच्या शब्दापुढे जायची सोय नव्हती. तात्या गावाचे सरपंच असले तरी बायकांच्या सरपंच आत्याबाईच होत्या. बारशाला कुणी गाणं धरायचं इथपासून ओटी कुणी भरायची इथपर्यंत सगळं त्यांच्या मानेच्या हलण्यावर चाले.

सभेच्या आदल्या दिवशी पेंटरनं कमानीचं चित्र आणून दिलं. दोन्ही अंगांना हत्ती, वर कमळ, आणि मधोमध नाव लिहायची जागा. तात्यांनी ते माजघरात आणून आत्याबाईंसमोर धरलं. त्या तांदूळ पाखडत होत्या.

“नाव केवढं असंल?” त्यांनी विचारलं.

“डांबरी रस्त्यावरनं वाचता याया पायजे येवढं,” तात्या म्हणाले.

आत्याबाईंनी चित्राकडे जरा वेळ बघितलं आणि परत सूप हलवायला घेतलं. सासऱ्याच्या नावाचं कौतुक वाटत असेल, असं मला वाटलं.

सभा भैरवनाथाच्या मंडपात होती, दुपारी. तिथं बसायची रीत ठरलेली. देवाच्या उजव्या हाताला पुरुष, डाव्या हाताला खांबांच्या पलीकडे बायका. मधला पट्टा मोकळा, तो देवासाठी. कीर्तन असो, लग्न असो, कुणी मेल्यावरची बैठक असो, गाव असंच बसे. आत्याबाईंनी निरोप धाडला होता म्हटल्यावर घरटी एक तरी बाई आलीच होती. काहींनी लग्नातल्या साड्या नेसल्या होत्या, कारण शूटिंग होतं. पुढच्या रांगेत आत्याबाई, त्यांच्या शेजारी मी, माझ्या पलीकडे शालन. शालन आमच्या शेजारची, तिची वर्षा तेजूच्या वर्गात. वर्षाला कराडला कुणी आत्या नव्हती. ती सरळ घरीच राहणार होती.

साहेब म्हणजे तालुक्याचे विस्तार अधिकारी. त्यांना खुर्ची दिली होती आणि हातात भज्यांची बशी. लग्नांचं शूटिंग करणारा माने कॅमेरा घेऊन आधी आमच्याकडे आला आणि सवयीनं म्हणाला, “जरा हसा.” बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आमचं काम झालं होतं. खरं म्हणजे आता आम्ही उठून गेलो असतो तरी चाललं असतं, पण चहा यायचा होता.

आधी मुळीक गुरुजी बोलले. माणूस चांगला, पण बोलायला उभा राहिला की वर्गच घेई. शिक्षणाचा हक्क, गळतीचं प्रमाण, अमुक योजना आणि तमुक परिपत्रक. पुरुषांकडची निम्मी मंडळी तंबाखू मळायला लागली. शेवटी मात्र ते म्हणाले, “मंजुरी यंदा आहे. गेली की परत येत नाही,” आणि खाली बसले. तेवढंच बोलले असते तर बरं झालं असतं.

मग तात्या उठले. तात्यांना बोलता येत होतं.

“डांबरी रस्त्यानं जाणाऱ्याला आपली शाळा दिसत न्हाई,” ते म्हणाले. “लोकांला वाटतं पोल्ट्री हाय. परवा एक जण कोंबड्यांचा भाव इचारत गुरुजींच्या वर्गात गेला.” मंडप हसला. गुरुजीसुद्धा हसले, कारण ते खरं होतं. “आधी शाळेला तोंड पायजे. माझ्या वडलांनी शाळंला जागा दिली, हे तुमा समद्यांना ठावं हाय. त्येंचं नाव गावाच्या तोंडावर लागलं तर गावाचीच शोभा हाय. खोली काय, म्होरल्या साली बांधू. पोरं कुठं पळून चालल्यात?”

शालननं मला कोपरानं ढोसलं. “बोल की,” ती पुटपुटली. “तू धावी झालीयास.”

“तू बोल.”

“मी कशी बोलू? समोर माझा दीर बसलाय.”

माझ्यासमोर तर सासरे उभेच होते. मी पदर पुढे ओढला. मला आठवतंय, त्या वेळी मला गुरुजींचा राग आला, यांचा आला, भज्यांच्या वासाचासुद्धा आला. पोरगी माझी जाणार होती आणि मी तिथं शोभेला बसले होते.

“तर मग कमान मंजूर?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“मंजूर, मंजूर,” उजवीकडून आवाज आले. एरवी सभा इथं संपायची.

“मोजा,” गुरुजी बसल्या जागेवरून म्हणाले. “नुसतं मंजूर म्हणून नको. साहेब आलेत, मोजून घ्या.”

तात्यांना राग आला नाही. त्यांना गंमत वाटली. “मोजू की,” ते म्हणाले. “करा हात वर.”

हात वर करणं गावाला जमलं नाही. कुणी दोन्ही हात केले. कुणी कमानीला केला आणि खोलीला पण केला, कारण गुरुजींनी बघितलं. मागचे हात दिसेनात. भाऊसाहेब दोनदा मोजून दोन वेगवेगळ्या ठिकाणी पोचले. साहेबांनी बशी खाली ठेवली.

“त्यापरीस जत्रंवानी करा,” कुणीतरी म्हणालं.

जत्रेची रीत अशी होती. भैरवनाथाच्या जत्रेला तमाशा आणायचा की ऑर्केस्ट्रा, यावर दर वर्षी वाद व्हायचा, आणि तो याच मंडपात मिटायचा. तमाशावाले देवाच्या एका हाताला बसायचे, ऑर्केस्ट्रावाले दुसऱ्या हाताला, आणि ज्या बाजूला डोकी जास्त ते यायचं. माणूस दोन ठिकाणी बसू शकत नाही, त्यामुळे भांडण राहत नसे. त्या बैठकीला बायका नसत. तमाशात बायकांचं काय काम?

“झ्याक,” तात्या म्हणाले. “कमानवाल्यांनी हाय तितंच बसा. खोलीवाल्यांनी उठून देवाच्या डाव्या अंगाला जा.”

गुरुजी उठले. त्यांच्यामागून दोन-चार पालक उठले, आणि अगदी शेवटी, इकडेतिकडे बघत, आमचे हे. मधला मोकळा पट्टा ओलांडून ते आमच्या बाजूला आले आणि बायकांपासून अंतर राखून, खांबाला टेकून, चोरासारखे बसले. यांनी तात्यांकडे बघायचं टाळलं आणि माझ्याकडे बघायचंही टाळलं. तरी मला तेव्हा यांच्याबद्दल जे वाटलं, ते नंतर कधी पुन्हा तितकं वाटलं नाही.

तात्यांनी त्या मूठभर माणसांकडे बघितलं. “लिवा भाऊसाहेब,” ते म्हणाले. “कमान.”

भाऊसाहेब लिहायला वाकले. तेवढ्यात साहेब रुमालाला हात पुसत म्हणाले, “आणि या महिला कोणत्या बाजूच्या?”

कुणाला प्रश्नच कळला नाही.

“त्या व्हय?” तात्या म्हणाले. “त्या कुठल्याच बाजूच्या न्हाईत सायेब. त्या फोटूला आल्यात.”

“असं नका बोलू, शूटिंग चालू आहे,” साहेब म्हणाले. माने कॅमेरा तात्यांवरून आमच्यावर आणि आमच्यावरून तात्यांवर फिरवत होता. “सभेला बसलेली बाई मतदार आहे. भोईटे, त्यांना मोजायला लागेल. आणि त्या बसल्यात डाव्या बाजूला.”

मी मान जराशी वर केली आणि पहिल्यांदा आमच्या बाजूला बघितलं. खांबांपासून भिंतीपर्यंत साड्याच साड्या. उजवी बाजू आमच्या निम्मीसुद्धा नव्हती. तात्यांनाही ते त्याच वेळी दिसलं असावं. इतकी वर्षं आम्ही तिथंच बसत होतो. ते आमची जागा बघत आले होते, आम्हाला नव्हे.

“मग त्यात काय एवढं?” तात्या हसून म्हणाले. “सोपं हाय. कमानवाल्या बायकांनी उठून हिकडं यावं.”

कुणी उठलं नाही.

यात बंड वगैरे काही नव्हतं, हे मी आधीच सांगते. अशा वेळी गावातली बाई उठू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उठायचं म्हणजे सगळ्या गावादेखत देवापुढचा मोकळा पट्टा ओलांडायचा आणि सासरे, दीर, भाऊबंद बसलेत त्यांच्यात जाऊन बसायचं. ज्या बायकांना कमान पाहिजे होती त्यांनासुद्धा ते शक्य नव्हतं. आणि तशा होत्या. कितीतरी जणींना ते हत्ती आवडले होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि तिरक्या नजरेनं आत्याबाईंकडे बघितलं. त्या वयानं मोठ्या, सरपंचाच्या घरच्या. त्या उठल्या असत्या तर त्यांच्या पाठीमागून जाण्यात कुणाला कमीपणा नव्हता. त्या उठल्या असत्या तर सगळा मंडप उठला असता. मीसुद्धा. मला बसून राहता आलं नसतं, एवढं मला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

तात्यांनाही ते कळत होतं. “अगं, ऊठ की,” ते आत्याबाईंना म्हणाले. “तू उठलीस की समद्या येत्याल.”

आत्याबाईंनी माझ्या मांडीवर हात टेकला. उठताना त्या असाच आधार घेत. त्यांच्या हाताचं वजन माझ्या मांडीवर पडलं आणि माझ्या डोळ्यांपुढे तेजूची पेटी आली, तिच्यावर नाव घातलेली, कराडच्या गाडीच्या टपावर. मी मनातल्या मनात भैरवनाथाला म्हटलं, हिला बसव. आयुष्यात देवाकडे मी इतकं कमी कधी मागितलं नव्हतं.

“अगं, ऐकू येतंय न्हवं?” तात्यांचा आवाज चढला.

आत्याबाईंचा हात तिथंच होता. त्या समोर बघत होत्या, तात्यांकडे नाही, देवाकडेही नाही, कुठंतरी मधेच. चेहऱ्यावर काही नव्हतं. बाजारात भाजीवाला भाव सांगत असताना त्या अशा बघत, घ्यायचं नसलं म्हणजे.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. तात्या दोन पावलं पुढे आले, थांबले आणि मग सगळ्या मंडपाकडे वळून म्हणाले, “हिचा गुडगा धरतोय. हिला उठवत न्हाई.”

“मग लिहू का?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“लिवा. खोली लिवा.” तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “चहा कुठवर आलाय बघा रं.”

चहा आला. आम्ही तो आमच्या बाजूला बसून प्यायलो. शालन रडत होती आणि चहा तिखट झालाय म्हणून सांगत होती. सभा सुटल्यावर आत्याबाई उठल्या आणि देवळाच्या पायऱ्या उतरून आमच्या सगळ्यांच्या पुढे झपाझप चालत घरी गेल्या. वाटेत वाकून त्यांनी चुलीसाठी काटक्यासुद्धा गोळा केल्या. गुडघ्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही.

घरी मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. “काय झालंया?” त्या म्हणाल्या. “पीठ मळ जा.”

तात्या आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. त्याची मोठी पंचाईत मला झाली, कारण त्यांच्या मार्फत चालणारा व्यवहार बंद पडला आणि तात्या भिंतीकडे बघून लोणचं मागू लागले. पण माणूस दीर्घद्वेषी नव्हता. पाया खणायला घेतला तसे रोज सकाळी शाळेवर जाऊन उभे राहायला लागले. गवंड्यानं वाळू जास्त घातली म्हणून त्याला त्यांनी एक भिंत पाडून परत बांधायला लावली. बांधायची तर नीट बांधायची, म्हणाले. जूनमध्ये सहावीचा वर्ग भरला. पहिल्या दिवशी वेणी मीच घातली.

त्या वर्षी तालुक्यानं आमच्या गावाला प्रशस्तिपत्र दिलं, महिलांच्या उत्स्फूर्त सहभागाबद्दल. आम्ही सगळ्या बसलोय असा फोटो वर छापला होता. तात्यांनी ते पंचायतीत लावलं. पुढच्या सभेपासून मात्र त्यांनी बायकांना मध्ये, देवासमोर बसवायला सुरुवात केली. देवाला अडचण झाली असेल, पण तो काही बोलला नाही.

तेजू सातवीपर्यंत गावात शिकली. पुढे खिंडीपलीकडे तिला आणि वर्षाला यांनी दुधाच्या गाडीतून नेलं. आज ती साताऱ्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे आणि स्वतःची वेणी घालत नाही, कारण केस कापलेत. वर्षानुवर्षं मी हेच धरून चालले की आत्याबाईंनी ते तिच्यासाठी केलं. वरून गप रहा म्हणायच्या, पण आतून नातीसाठी तुटत होत्या. मी हे तेजूला सांगितलं, माहेरी सांगितलं, बचत गटात भाषण केलं तेव्हाही सांगितलं. आत्याबाईंना मात्र कधी विचारलं नाही. आमच्यात तसं विचारत नसत.

तात्या गेल्याला वर्ष होत आलं तेव्हाची गोष्ट. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं होतं आणि शालन सरपंच होती. दुपारी ती घरी आली. आत्याबाई जेवत होत्या. तिला बघून त्यांनी हातानंच बस म्हटलं.

“मावशी, एक इचारायचं हुतं,” शालन म्हणाली. “यंदा शाळंच्या पैशात कमानीचं बसतंय. सभेपुढं ठेवायचं म्हनतोय. तात्यांचं नाव घालावं असं समद्यांच्या मनात हाय. तुमची ना न्हाई न्हवं?”

आत्याबाईंनी घास गिळला. “घाला की. ना कशाला असंल?” मग म्हणाल्या, “चांगलं मोठं घाला.”

शालन गेली. मी त्यांच्या ताटात आमटी वाढत होते.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “तवा तर तुमी कमानीला उठला न्हवता.”

“तवाचं नाव येगळं हुतं.”

मी तिथंच बसले. त्या जेवत राहिल्या. मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता बोलायला लागल्या, शेतातली कामं सांगावीत तशा.

“मला सासू न्हवती. घरात मी एकली बाई. समद्यांची जेवनं झाली की मी चुलीम्होरं ताट घेऊन बसायची. सासरा बराबर तवा आत यायचा. कधी चुना पायजे, कधी पानी पायजे, कधी कायच नगं. सासरा आत आला की सुनंनं उठायचं. अन् ताटावरनं एकदा उठलं की परत बसायचं न्हाई, त्ये आन्न मग गुरांचं. रोज न्हाई यायचा. आला तर आला. घास तोंडात घालताना माझं कान दाराकडं असायचं. यायचा, दारात हुबा ऱ्हायाचा, उठली का बगायचा, अन् जायाचा.”

“तात्यांना ठाऊक हुतं?”

“सांगितलं हुतं येकदा. म्हनले, वडील मानूस हाय.” त्यांनी आमटीत भाकरी बुडवली. “तुझा नवरा पोटात हुता तवाबी उठले. सात म्हैनं.”

मला एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. आमच्या घरात मी जेवत असताना तात्या कधी माजघरात आले नव्हते. तहान लागली तरी ओट्यावरून खाकरायचे आणि वाट बघायचे. मी त्याला त्यांचा चांगुलपणा समजत होते. ती अट कुणाची होती ते मला कधी कळलं नव्हतं.

“अन् तेजूची शाळा?” मी विचारलं. “मला वाटलं हुतं, तुमी तिच्यासाठी...”

“तिचं काय मधीच?” आत्याबाई खरंच गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. “ती कराडातबी शिकली असती की.”

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही त्यांना दिसू नये म्हणून मी आमटीचं पातेलं ढवळत बसले.

“तात्या किती हाका मारत हुते,” मी म्हणाले. “समद्या गावादेखत. तुमास्नी भ्या न्हाई वाटलं?”

“वाटलं की. हात तुझ्या मांडीवर न्हवता व्हय?” त्यांनी शेवटचा घास घेतला, ताट पुसून खाल्लं. “हे म्हनले, ऊठ. कुनासाठी, तर त्या मानसाच्या नावासाठी. म्हनलं, जित्ता हुता तवर उठले. आता मेल्यावरबी उठू व्हय?”